आजीचं सिंगर आणि पुढची दहा मशिनं

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याच्या जुन्या घरात आजीचं काळं सिंगर पायमशीन वीस वर्षं चादरीखाली पडून आहे. भंगारवाल्याने हजार रुपये सांगितले. भाच्याने मोबाइलवर 'असंच' मशीन दीड लाखाला दाखवलं. यातली खरी किंमत कोणती? आणि विचारणाऱ्या ताईंना शिवणाची आवड आहे, तेव्हा अशी जुनी मशिनं घ्यायची, नीट करायची आणि विकायची, हा छंद परवडेल का?

मी पुण्यात शिवणक्लास चालवते आणि गेली अठरा वर्षं हा दुसरा उद्योग त्याच्या जोडीला करते. वर्षाला दहा-बारा मशिनं हातांखालून जातात, त्याहून जास्त नाहीत. म्हणजे मी व्यापारी नाही. पण चुका भरपूर केल्या आहेत, आणि त्या सांगण्यासारख्या आहेत.

आधी ते दोन आकडे. भंगारवाला वजन करतो. बिडाचा स्टँड, वरचं मशीन आणि लाकडी फळी मिळून तीस-पस्तीस किलो भरतात, त्याला बिडाच्या भावाने गुणलं की हजाराच्या आसपास येतात. त्याचा हिशेब चोख आहे, फक्त तो शिवणाचं मशीन घेत नाहीये, लोखंड घेतोय. दीड लाखवाला दुसऱ्या टोकाचा. तो आकडा विकणाऱ्याने मागितलेला आहे, कुणी दिलेला नाही. मागायला पैसे पडत नाहीत. आमच्याच गल्लीत एकाने नव्वद हजार धरून ठेवले आणि चार वर्षं मशीन जिन्याखाली ठेवलं. त्या चार पावसाळ्यांत फळीला वाळवी लागली, शेवटी स्टँड तेवढा गेला.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज सिंगरच्या बाबतीत तर अजिबात टिकत नाही. आपल्याकडची बरीचशी काळी सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातून आली. हा कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद झाला. १९१३ या एका वर्षात तिथून तेरा लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडली. एका वर्षात! कारखान्यासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन आजही 'सिंगर' याच नावाचं आहे. हप्त्याने मशीन विकायची पद्धत या कंपनीने १८५६ मध्येच सुरू केली होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात सिंगर पसरवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाला जातं. गावोगावच्या शिंप्यांच्या ओट्यावर आणि मध्यमवर्गीयांच्या माजघरात सिंगर पोचलं ते असं. गांधीजींनीसुद्धा यंत्रांवर टीका करताना १९२४ मध्ये सिंगरला मुद्दाम अपवाद केला होता. तेव्हा शंभर वर्षांचं मशीन घरी असणं ही अभिमानाची गोष्ट जरूर आहे, लॉटरी नाही.

लॉटरीवरून आठवलं. कुणी येऊन 'आत लाल पारा नावाचा लाखमोलाचा पदार्थ असतो, मोबाइल जवळ नेऊन बघू' असं म्हणालं तर त्याला चहासुद्धा देऊ नका. २००९ मध्ये सौदी अरेबियात ही अफवा उठली होती की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो, आणि मशीनजवळ नेल्यावर मोबाइलची लाइन तुटली तर तो आहे असं समजायचं. लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले, शेवटी पोलिसांना लक्ष घालावं लागलं. आपल्याकडे 'राइस पुलर', म्हणजे तांदूळ ओढून घेणाऱ्या म्हणे चमत्कारी भांड्यांच्या नावाखाली जी फसवणूक चालते, तिचाच हा चुलतभाऊ. मशीनमध्ये बीड, पोलाद, थोडं पितळ आणि तुमच्या आजीने घातलेलं तेल असतं. दुसरं काही नाही.

मग किंमत कशाने ठरते? माझ्या मते तीनच गोष्टी बघायच्या: ते आज नीट टाका घालतं का, त्याचे सुटे भाग आणि सुया आज मिळतात का, आणि सगळं जागेवर आहे का. वय चौथ्या क्रमांकावर, तेही लांबचं.

हे मॉडेलच्या उदाहरणांनी सांगते. सिंगर १५ हा सगळ्या हिंदुस्थानचा मूळपुरुष. उषा, रीटा आणि लुधियानात बनलेली असंख्य नावं त्याच्याच घराण्यातली. त्याचे भाग एकमेकांना बऱ्याच अंशी चालतात, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, आणि तिची डबी म्हणजे बॉबिन केस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. म्हणून १५ कधी अडकून पडत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली तीन मशिनं याच घराण्यातली घ्यावीत, मग ती उषा असोत की सिंगर. उषाला कमी लेखू नका. १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंगने सुरू केलेलं हे मशीन आहे आणि जुनं काळं उषा चालायला सिंगरच्या जवळपास जातं. किंमत मात्र अर्धी, कारण नाव 'सिंगर' नाही. शिकायला यापेक्षा काय हवं?

२७ आणि २८, पुढे १२७ आणि १२८, यांच्यात गोल बॉबिन नसते. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शटल असतं आणि त्यात काडीसारखी लांब बॉबिन. २८ हे २७ चं धाकटं भावंड, आकाराने पाऊण. दिसायला ही मशिनं सर्वांत देखणी, १२७ वर तर कधी कधी पंख पसरलेल्या स्फिंक्सची सोनेरी नक्षी असते. साधी सुई चालते. पण शटल हरवलेलं असेल तर भाव निम्मा समजा. म्हणून अशा मशीनची सरकपट्टी, म्हणजे सुईजवळचं सरकतं झाकण, उघडून शटल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही.

६६ आणि ९९ यांच्यात बॉबिन वरून घातली जाते. ९९ हे ६६ चं पाऊण आकाराचं रूप. ९९के (के म्हणजे किलबोवीचं) लाकडी वाकवलेल्या झाकणाच्या पेटीत हातमशीन म्हणून आलं असेल तर शहरात लगेच जातं, कारण फ्लॅटमध्ये पायमशीनला जागा कुठे आहे? २०१के हे माझं लाडकं. सरळ टाक्यात याच्या तोडीचं घरगुती मशीन मी पाहिलेलं नाही. आवाज असा की मांजर घुरघुरतंय. पण बिडाच्या २०१ चं डोकं, म्हणजे स्टँडवरचं मशीन, जड; एका हाताने उचलायच्या फंदात पडू नका. आणि २२१, म्हणजे पाच किलोचं छोटं 'फेदरवेट', १९३३ पासूनचं. परदेशात याला वेड्यासारखी मागणी आहे. आपल्याकडे ते सहसा परदेशातून परतलेल्या कुणाच्या तरी ट्रंकेतून निघतं. माझ्या हाती आजवर एकच आलं. त्याची बॉबिन केस वेगळीच असते आणि महाग असते. आधी ती आहे का बघा.

याउलट सर्वांत जुनं, सर्वांत सुंदर दिसणारं १२के. त्याचा तळ व्हायोलिनसारखा कमरेत बारीक. मी पाच हजारांना घेतलं आणि घरी आल्यावर कळलं की त्याला आजची साधी सुई चालत नाही, त्याची सुई कधीच बंद झाली. गेली अकरा वर्षं ते माझ्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे कौतुक करतात.

मॉडेलनंतर नंबर. मशीनच्या तळावर उजवीकडे पुढच्या बाजूला बिडातच ठोकलेला नंबर असतो, २२१ वगैरेंना तो खाली असतो. किलबोवीच्या नंबरांत 'एफ' ढोबळमानाने १९१० च्या दशकातला, 'वाय' १९२० च्या दशकापासून १९३० च्या मध्यापर्यंतचा, आणि त्यानंतर 'ईए'पासून दोन अक्षरांची मालिका सुरू होते. एक लक्षात घ्या, कंपनी नंबरांचे गठ्ठे आधी वाटून ठेवत असे. मिळते ती तारीख त्या गठ्ठ्याची, मशीन त्याच दिवशी तयार झालं असं नाही. १८५१-१९५१ लिहिलेला निळ्या कडेचा बिल्ला दिसला तर ते कंपनीच्या शताब्दीच्या सुमाराचं. लोक या बिल्ल्याचे जास्त पैसे मागतात; मी देत नाही. तळाखाली बिडात उठलेला आकडा हा ओतकामाचा असतो, मॉडेलचा नाही. यावर एकदा माझी एका विक्रेत्याशी अर्धा तास हुज्जत झाली.

बनावट मशिनंही असतात. नवं लुधियानाचं मशीन, त्यावर सिंगरची नक्षी चिकटवलेली, आणि 'ब्रिटिशकालीन' म्हणून खपवलेलं. ओळखायचं कसं? नंबर बिडात ठोकलेला नसून पट्टीवर असला, खांबावरचा पितळी बिल्ला गुळगुळीत पत्र्याचा असला, आणि नक्षी अगदी कडक, चकचकीत, एका ठिकाणीही झिजलेली नसली की सावध व्हा. ऐंशी वर्षं शिवणाऱ्या बाईचा तळवा मशीनच्या पुढच्या कडेवर टेकतो, तिथली नक्षी जायलाच हवी. तिथे नक्षी शाबूत आणि बाकी सगळं झिजलेलं, हे होत नाही.

आता मशीन बघायला जाताना. माझ्या पिशवीत टॉर्च, दोन पेचकस, तेलाची बाटली, सुयांचं पाकीट, पांढरा सुती दोरा आणि मांजरपाटाचा तुकडा असतो. दोरा पांढराच घ्या, खालचा-वरचा टाका टॉर्चमध्ये लगेच दिसतो. आधी मशीनचा दाबपाय वर करून चाक हाताने आपल्याकडे फिरवायचं. ते जाम असलं तर घाबरू नका, उलट भाव कमी होतो. दहापैकी सात वेळा तो गंज नसतो, वाळलेलं तेल असतं. विशेषतः खोबरेल. आपल्या घरांत शिवणाच्या मशीनला डोक्याचं तेल घालायची परंपरा आहे, आणि ते वर्षानुवर्षं वाळून मधासारखं पिवळं, पुढे लाखेसारखं कडक होतं. मला पहिलं मोठं यश याच तेलाने दिलं: मिरजेच्या एका घरात 'अजिबात हलत नाही' म्हणून आठशेला मिळालेलं मशीन मी हेअर ड्रायरने गरम करत, मशीनचं पांढरं तेल थेंब थेंब सोडत दोन रात्रींत मोकळं केलं. केवढा आनंद झाला होता. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे शटलच्या खाचेत अडकलेला दोऱ्याचा गुंता.

न हलण्याचं तिसरं कारण मात्र खरोखर गंज असतो, आणि तिथे मी मागे फिरते. किनारपट्टीच्या घरांतल्या मशिनांत हे फार दिसतं. खारी हवा, पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकून ठेवलेलं मशीन. वरचं काळं अंग चकाचक दिसतं आणि खाली सुईपट्टी, दाते, दाबदांडा खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो. तळ उलटा करून बघा. बिजागरीवर मशीन मागे कलतं. सुईदांडा बोटांनी धरून हलवा, खडखड आवाज आला तर झीज आहे. आणि लाकडी फळी ठोका. वाळवी असेल तर पोकळ आवाज येतो, पावडर पडते. अशी फळी घरात आणू नका, अंगणातच सोडा.

दोरा ओवून टाके घालून बघायचे. टाके सुटत असतील तर आधी सुई बघा. मशीन बिघडलेलं म्हणून विकणाऱ्यांपैकी कित्येकांनी सुई उलटी लावलेली असते. ६६ आणि ९९ ला दोरा पुढून मागे ओवायचा असतो, २०१ आणि २२१ ला उजवीकडून डावीकडे. सुईची चपटी बाजू त्यानुसार बदलते. हे माहीत असलं की तुम्ही 'बिघडलेलं' मशीन बिघडलेल्या भावात घेता. मी मात्र अशा वेळी विकणाऱ्याला सांगून टाकते, खास करून ती एखादी बाई असेल आणि पैशांच्या अडचणीत विकत असेल तर. दोनदा असं झालं की सांगितल्यावर तिने मशीन विकलंच नाही. मला गाडीभाड्याचा फटका बसला, चालतं.

मोटरवाली मशिनं असतील तर सावध. तीस-चाळीसच्या दशकांतल्या वायरवरचं रबर हातात घेतलं की बिस्किटासारखं तुटतं. विकणारा 'चालू आहे, लावून दाखवतो' म्हणाला तरी लावू देऊ नका. वायरिंग नवं करायचा खर्च धरूनच भाव करा. अमेरिकेहून आलेलं मशीन ११० व्होल्टचं असतं, ते आपल्या २३० च्या बोर्डात घातलं तर मोटरचा एका मिनिटात धूर. ही चूक माझ्या भावाने माझ्यासाठी केली आहे.

साफसफाईत मी स्वतः केलेली चूक त्याहून वाईट. माझं तिसरं की चौथं मशीन, लाल-सोनेरी नक्षीचं, थोडं चिकट. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून घासला. काळा रंग तसाच राहिला आणि सोनेरी नक्षी कापसावर आली. त्या नक्षीवर लाखेचं पारदर्शक आवरण असतं आणि स्पिरिट लाख विरघळवतं. हे मला नंतर आमच्या मशीन दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं, तेही ओरडत. तेव्हापासून वरच्या अंगाला फक्त मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड, दुसरं काही नाही. थिनर, अमोनियाचे क्लीनर, भांडी घासायची पावडर, सगळं लांब. खालच्या यंत्रभागाला रॉकेल चालतं, पण नंतर तेल घालायला विसरू नका. स्क्रू हरवू नका, हे वेगळं सांगते: सिंगरचे आटे स्वतःचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसत नाही आणि जबरदस्तीने बसवला तर बिडातली जागा जाते.

आणि कुंकू. दरवर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा होते, हळदी-कुंकवाची बोटं, झेंडूची माळ. चाळीस दसऱ्यांचे डाग चाकाच्या बाजूला साचलेले असतात. नवखे लोक ते आधी घासतात आणि नक्षी गमावतात. मी हलक्या तेलाने निघेल तेवढंच काढते. लंडनच्या एका मराठी गिऱ्हाइकाने तर कुंकू काढू नका असं लिहून कळवलं होतं.

रंग मारून घेऊ नका. काही कारागीर सगळं मशीन स्प्रेने काळंकुळकुळीत करून नवी चिकटचित्रं लावतात. शिंप्याला ते आवडतं, त्याला चमक हवी. जुन्या मशीनचा शौकीन मात्र तेच बघून पाठ फिरवतो.

कुठे घ्यावीत? पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, सकाळी लवकर. मुंबईचा चोर बाजार मी फक्त भाव समजून घ्यायला जाते, घ्यायला नाही. तिथले लोक माझ्यापेक्षा शंभर पट हुशार आहेत. खरी मशिनं घरांतून येतात. वाडा पाडायचा असतो, आजी गेलेल्या असतात, मुलं पुण्या-मुंबईला. तुम्ही शिवणक्लासच्या बायकांना, रद्दीवाल्याला, मूव्हर्सच्या पोराला, गावच्या शिंप्याला 'जुनं मशीन असेल तर सांगा' एवढं सांगून ठेवा. सहा महिन्यांनी फोन यायला लागतात.

आता परवडण्याचं. मागच्या वर्षातले तीन हिशेब देते. एक काळं उषा स्टँडसकट अठराशेला घेतलं, पट्टा, बॉबिन केस, दोन स्प्रिंगा मिळून साडेचारशे, दोन रविवार गेले, विकलं साडेचार हजारांना. एक पेटीतलं ९९के साडेतीन हजारांना, फक्त साफ केलं, नऊ हजारांना. आणि एक मोटरवालं ज्याची वायरिंग, कार्बन, पायडल करता करता घेतल्यापेक्षा जास्त खर्च झाला आणि विकताना सातशेचा तोटा. वेळेचे पैसे धरले तर मी क्लासमध्ये ब्लाउज शिकवून जास्त कमावते. म्हणून हातखर्च भागेल का, तर हो, कधीमधी. चूल त्यावर पेटणार नाही.

एक नको असलेला नफा मात्र आहे, तो सांगायलाच हवा. हल्ली स्टँडला डोक्यापेक्षा जास्त भाव येतो. कॅफेवाले, होमस्टेवाले त्याच्यावर काच टाकून टेबल करतात, वॉशबेसिन बसवतात. लंडनच्या एका कपड्यांच्या ब्रँडने, ऑलसेंट्सने, तर आपल्या दुकानांच्या काचांमागे शेकडो जुनी मशिनं रांगेने मांडली, आणि तेव्हापासून सजावटीसाठी मशिनं गोळा करणाऱ्यांना उधाण आलं. स्टँड विकायला माझी हरकत नाही, पण मग डोकं भंगारात टाकू नका. खांबावर मोटर बसवायची जागा असेल आणि चाक आऱ्यांचं असेल तर हाताचं हँडल बसवून त्याचं हातमशीन होतं. भरीव चाकाला ते हँडल बसत नाही. असं हातमशीन एखाद्या मुलीला शिकायला किंवा गोधड्या शिवणाऱ्या बाईला सोन्यासारखं असतं.

गोधडीवाल्या बायका आणि क्लासच्या मुली, ही माझी खरी गिऱ्हाइकं. त्यांना जाड थरांतून सरळ टाका हवा. त्यांना मी एकच सांगते: हे मशीन जीन्सचे चार थर शिवेल, चप्पल नाही. 'इंडस्ट्रियल ताकद' असं लिहिणारे विक्रेते खोटं बोलतात. चामडं शिवायला मोच्याकडचं २९के असतं, ते यंत्रच वेगळं. विकताना मी मांजरपाटाच्या पट्टीवर वेगवेगळ्या लांबीचे टाके घालून ती पट्टी मशीनला बांधून देते आणि काय बिघाड आहे ते त्यावर पेनाने लिहिते. दोष लिहिला की मशीन परत येत नाही.

पाठवणं हे सगळ्यांत अवघड. बीड ठिसूळ असतं; पडलं की वाकत नाही, तुटतं. एकदा मी मशीन फळीलाच बिजागरीवर ठेवून ट्रान्सपोर्टने नागपूरला पाठवलं. पोचलं तेव्हा तळाचा कोपरा गेलेला आणि चाकाचा एक आरा तुटलेला. भरपाईचा कागद मी भरला, पुढे काय झालं ते विचारू नका. आता डोकं बिजागरीचे स्क्रू ढिले करून वेगळं काढते, चाक वेगळं गुंडाळते, पेटी असेल तर आतल्या फटी थर्माकोलने ठासून भरते जेणेकरून मशीन झाकणावर आपटणार नाही. शक्य असेल तर गिऱ्हाइकालाच येऊन न्यायला सांगते.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर एक कायदा माहीत असावा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा तत्सम वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते, आणि पुरावस्तू सामान्य माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'एफ' मालिकेतलं मशीन आता शंभरी पार केलेलं आहे. ते यात मोडतं की नाही यावर आपण वाद घालू नये. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मागावा. शंभरीच्या आतली मशिनं पाठवताना नंबराचा फोटो कागदांसोबत ठेवते. तसंही वजनाचं भाडं बघून निम्मी गिऱ्हाइकं गळतात.

आता तुमच्या आजीचं मशीन. चादर काढा आणि पहिल्यांदा सरकपट्टी उघडा. गोल बॉबिन आहे की लांब शटल, ते बघा. नंबर टिपून घ्या. मग खण उघडा. बऱ्याच घरांत खणात हिरवी किंवा काळी पत्र्याची डबी असते, त्यात गोट, फ्रिल, दुमड घालायचे वेगवेगळे पाय असतात. कुलुपाची किल्ली बहुतेक काड्यापेटीत सापडेल. जुनं माहितीपुस्तक असेल तर जपा. हे सगळं मशीनसोबत असलं तर गोल बॉबिनच्या चालू पायमशीनला आमच्या भागात तीन ते पाच हजार सहज मिळतात. लांब शटलवालं शाबूत नक्षीचं असेल तर शौकिनाकडून थोडं जास्त. साताऱ्यात थोडं कमी धरा.

पण आत्ता विकू नका. पट्टा काढून ठेवा, बहुधा तो वाळून तडकला असेल. प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब, आणि रात्रभर तसंच. सकाळी चाक हाताने हळू आपल्याकडे फिरवा. न फिरलं तर ड्रायर आणि पुन्हा तेल, जोर अजिबात नाही. फिरलं तर नवी सुई, पांढरा दोरा, आणि मांजरपाटावर टाके. तुमच्या हातचं पहिलं मशीन तेच होऊ दे, बाजारातून दुसरं आणण्याआधी. एका ब्लाउजचं अस्तर त्यावर पूर्ण शिवून झालं की मला टाक्यांचा आणि नंबराचा फोटो दाखवा, मग त्याच्या भावाचं बोलू.